येथे पांढरा पळस नाही

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

आजपासून सगळं पद्धतशीर. लाखनी परिसरातील जीवसृष्टीचं शास्त्रीय निरीक्षण. आधी उद्यान, मग नहर (कालवा), मग बोड्या (लहान तळी). हे काम करू शकेल असा माणूस गावात एकच आहे आणि तो हायवेवर रेडियमचं दुकान चालवतो. ट्रकवाल्यांच्या नंबर प्लेटी आणि देवांची नावं कापता कापता मी दोन पुस्तकं आणि स्वतःचे दोन डोळे यांच्या जोरावर जे शिकलो, ते कॉलेजात शिकवत नाहीत. कॉलेजात मी गेलो नाही, तरी खात्री आहे.

नगरपंचायतीचं उद्यान : सिमेंटचं हरीण, एक. शिंगं सांबराची, ठिपके चितळाचे, शेपूट बकरीची. तोंडी तक्रार केली. वॉचमन म्हणाला, भाऊ, लेकरं बसतात त्यावर, त्याहिले काय फरक पडते?

नहरीवर मात्र मजा. कपडे धुणाऱ्या बायांनी लांबूनच हाका मारल्या, भाऊ, तिकडं मोठं पाखरू बसून हाय! गुराख्याने काठीने दिशा दाखवली. मुग्धबलाक होता, चोचीत फट असलेला करकोचा. बगळा म्हणत होते. सुधारणा केली. लोक आपल्याला हाका मारून दाखवतात, याचं कारण ज्ञानाचा आदर.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

आजची नोंद लाल शाईने.

नहरीपलीकडे इतवारीची बोडी. (लोक तलाव म्हणतात. तलाव मोठा असतो. ही बोडी.) खरं तर ती ढिवरांच्या मच्छी संस्थेची, पण मासे सांभाळतो इतवारी. पाळीवर, म्हणजे तिच्या मातीच्या बांधावर, पळसांची रांग, सगळे भगवे पेटलेले. त्यात एक झाड असं, की जणू कोणी वरून साय ओतली. पांढरा पळस! खिशात रेडियमचं शेडकार्ड होतं, फूल लावून पाहिलं. आयव्हरी आणि क्रीम यांच्या मधला, आयव्हरीकडे झुकता.

एवढ्यात इतवारी धावत आला, कमरेपर्यंत ओला. म्हणाला, पाहिलं त पाहिलं भाऊ, पन कोनाले सांगू नोका जी. म्हणे त्याच्या आज्यापासून हे झाड त्यांना ठाऊक. फुलाच्या दिवसांत पाळीवरून कोणाला येऊ देत नाहीत. कारण पांढरा पळस दिसला की लोक मुळी नेतात, अमावास्येला काढून बरकतीसाठी तांदळाच्या कोठीत ठेवतात, आणि झाडाखाली धन असतं म्हणून खणतात. झाड जाईल ते जाईल, पाळ फुटन, पानी जाईन, म्हणाला. चैतात काढाचे मासे हायेत जी. आमची सारी घरं त्याच्यावर हायेत.

कळकळ पटली. फक्त एक दुरुस्ती केली. आज्याने झाड पाहिलं होतं. शोध आज लागला, आणि तो मी लावला. इतवारी म्हणाला, हो जी, तुमीच लावला. पन सांगू नोका.

वचन दिलं. हे गुपित माझ्यासोबत चितेवर जाईल.


२२ फेब्रुवारी, शनिवार.

ज्योत्सनाला सांगितलं. यात वचनभंग नाही. बायको म्हणजे अर्धं अंग. आपल्याच अंगाला सांगितलं तर त्याला सांगणं म्हणत नाहीत.

ती म्हणाली, अवो, इतवारीभाऊनं मना केलं ना? मग मले कायले सांगून राहिले? तिला शोधाचं महत्त्व कळलेलं दिसत नाही. भाजी निवडत होती.


२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र.

परसरामची चहाटपरी माझ्या दुकानाला लागून. हा मनुष्य प्रत्येक पाखराला बगळा म्हणतो. आज भर गिऱ्हाइकांत म्हणाला, पांढरा पळस आता जिल्ह्यात नाही उरला बाप्पा, एक होता नाकाडोंगरीकडच्या जंगलात, तोही मुळासकट नेला. ऐकणारे ट्रकवाले. ही चुकीची माहिती उद्या रायपूरपर्यंत गेली असती. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे विज्ञानाशी बेइमानी.

मी फक्त एवढंच म्हणालो, आहे.

कुठं, कुठं, असं सगळे विचारू लागले. जाम सांगितलं नाही. उलट दिशाभूल केली. म्हटलं, नहरीपलीकडे नाही, आणि बोडीच्या पाळीवर तर मुळीच नाही. परसराम म्हणाला, वा भाऊ, तुमच्या पोटात बात राहते, मानलं!

प्रशंसा नोंदवून ठेवतो.


२ मार्च, रविवार.

फोटो स्टेटसला टाकला. जागा ओळखू येऊ नये म्हणून पूर्ण दक्षता घेतली. पाणी कापलं, नहर कापली, आकाशसुद्धा थोडं कापलं. मागे मच्छी संस्थेचा बोर्ड राहिला आहे. तो मीच केलेला. इतक्या लांबून, इतक्या लहान फोटोतही अक्षरं स्वच्छ वाचता येतात. असं काम आता होत नाही.

साळ्याचा फोन लगेच. कैलाश, कोंढ्याला शेती करतो. म्हणाला, भाऊजी, हे त इतवारीची बोडी होय! कैलाश असामान्य बुद्धीचा आहे, हे मला आजवर कळलं नव्हतं. सामान्य माणसाला ओळखता येणं शक्य नाही. त्याला शपथ घातली. त्याने फक्त मित्रांच्या ग्रुपवर टाकलं आहे, आणि तेही खाली 'कोनाले सांगू नोका' असं लिहून.


६ मार्च, गुरुवार.

झाडाच्या बुडाशी लिंबू, कुंकू, काळी बाहुली. लिंबू ईडलिंबू नव्हे, कागदी. खालच्या फांद्यांची फुलं ओरबाडलेली. पाळीवर चपलांचे ठसे, काही बुटांचे.

गुपित फुटलं आहे. कोणी फोडलं? शांतपणे विचार केला. ज्योत्सना घराबाहेर बोलत नाही. परसरामला जागा माहीत नाही, मी स्वतः त्याला नाही म्हणून सांगितलं होतं. कैलाश तिकडे कोंढ्याला, पवनी तालुक्यात. उरला इतवारी. आज्यापासून माहीत असलेल्या गोष्टी घरातल्या बायापोरांपर्यंत जातातच. त्याला सूचक शब्दांत बोललो, की बाबा, गुपित सांभाळायला शिस्त लागते. तो जाळं सोडवत होता. गाठ सोडवता सोडवता थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गाठ सोडवू लागला.

निश्चय : संरक्षणाची सूत्रं आता आपण हाती घ्यायची.


९ मार्च, रविवार.

बोर्ड लावला. आयुष्यातला सर्वोत्तम. निळी जमीन, पिवळी अक्षरं, हायवेच्या दर्जाचं रेडियम, टॉर्चचा उजेड पडला की उजळतं.

येथे पांढरा पळस नाही.
आदेशावरून.

कल्पना अशी. शोधत आलेला माणूस बोर्ड वाचेल, समजेल की माहिती चुकीची होती, आणि परत जाईल. मानवी स्वभावाचा अभ्यास लागतो याला. खांब झाडापासून हातभर अंतरावर पुरला. लांब पुरला असता तर नेमकं कोणतं झाड पांढरा पळस नाही, असा घोटाळा झाला असता.

इतवारीला वाचून दाखवलं. तो पाळीवर खालीच बसला. म्हणाला, भाऊ, नाही हाय त बोर्ड काहून? याचं उत्तर त्याला समजेल अशा भाषेत देणं कठीण होतं. त्याची बायको बेबीबाई टोपलं घेऊन आली, बोर्डाकडे पाहिलं, म्हणाली, चमकते मस्त. पहिली दाद.


१२ मार्च, बुधवार.

बोर्डाचा परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त.

परसराम म्हणाला, भाऊ, पाव्हन्याले घेऊन गेलतो, त्याले वाटलं रस्ता चुकन म्हणून. पन बोर्ड होता, थेट पोचलो. साकोलीकडून दोन गाड्या आल्या होत्या म्हणे. पोरं बोर्डासमोर उभी राहून फोटो काढतात. एका फोटोत तर झाड अर्धं कापलं आहे आणि बोर्ड पूर्ण. रंगसंगती उत्तम आली आहे.

तरी मनात कुठेतरी टोचतंय. ॲसिडिटी असावी. परसरामचा चहा बंद करणार.


१४ मार्च, धुळवड.

साल सोलली आहे. माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत, सगळीकडून, बोकडाची सोलतात तशी. सोललेल्या जागी लाल चीक. रक्तासारखा म्हणणं अशास्त्रीय. तो डिंक असतो, पळसाचा डिंक लालच असतो. तरी हात लावून पाहिला नाही.

सगळ्या बाजूंनी साल गेली की झाड वाचत नाही, हे पुस्तकात आहे. पुस्तकं परदेशी झाडांबद्दल असतात.

इलाज : शेण-मातीचा लेप, वरून दुकानातला जुना फ्लेक्स गुंडाळून दोरी. फ्लेक्स एका वाढदिवसाचा निघाला. एका दादांचा गॉगल घातलेला चेहरा नेमका समोर आला. फिरवून बांधायला हवा होता, पण लेप ओला होता.

इतवारी लेप लावायला मदत करत होता. लाल हाताने. रंग खेळला होतास का, विचारलं. नाही जी, म्हणाला, हा झाडाचा होय.


१६ मार्च, रविवार.

फ्लेक्सवरच्या दादांना कोणीतरी हार घातला आहे. पायाशी नारळ. लेपाखालची उरलेली साल फ्लेक्स वर करून नेली आणि फ्लेक्स पुन्हा नीट बांधून ठेवला. चोरांनाही व्यवस्था असते, हे नोंदवण्यासारखं.


१८ मार्च, मंगळवार.

अवघड पण आवश्यक निर्णय घेतला. झाड वाचेल न वाचेल, वंश वाचला पाहिजे. पळसाला मुळापासून फुटवे येतात. तेव्हा मुळीचा एक नमुना काढून घरी कुंडीत लावायचा.

पहाटेच गेलो. एक मूळ खोदलं, ते अर्ध्यात तुटलं. दुसरं खोदलं, ते जरा जाड होतं, विळ्याने तोडावं लागलं. मागे इतवारी उभा होता. केव्हापासून, माहीत नाही. त्याला नीट समजावलं की इतर लोक नेतात ती लूट, हा अभ्यास.

तो म्हणाला, सारेच अभ्यासालेच नेऊन राहिले जी.

ओरडला नाही. ओरडला असता तर उत्तर देता आलं असतं. मी खड्डा बुजवून दिला. पायाने नीट दाबलासुद्धा.

कुंडी अंगणात. ज्योत्सना म्हणाली, हे काय आनलं? नमुना, म्हटलं. ती म्हणाली, आनंदाबाईच्या कोठीत बी हायच नमुना. शेजारच्या घरातही! या गावाला सद्सद्विवेक नाही.


२९ मार्च, शनिवार. अमावास्या. दुपार.

आज लोक येणार हे उघड आहे. कैलाशने फोनवर सांगितलं, त्यांच्या ग्रुपात कोणीतरी दूरचा मांत्रिक ठरवला आहे. मी विचारलं, तुमच्या ग्रुपात असली माणसं कशी? तो म्हणाला, तुमच्या फोटोनंतरच आली भाऊजी.

रात्रभर पहारा. इतवारीला निरोप पाठवला की तुम्ही सगळे बिनधास्त झोपा, आज मी आहे. शिटी, टॉर्च, दुर्बीण, थर्मासात चहा. झाडाला पाठ लावून बसणार. माझ्या डोळ्यांदेखत कोणाची हिंमत होणार नाही. गावात मला मान आहे.


३० मार्च, गुढीपाडवा.

संध्याकाळी निघताना एक ट्रेलर आला होता. दोन्ही बाजूंना नाव हवं होतं, मालक घाईत. रेडियम उलटं चिकटलं, पुन्हा कापलं. मग जेवण. मग जरा पाठ टेकली, फक्त शिटी सापडेपर्यंत.

सकाळी बेबीबाई दारात. चप्पल नव्हती, पाय चिखलाने भरलेले. ज्योत्सनाकडे पाहिलं आणि परत फिरली. ज्योत्सना घमेलं घेऊन तिच्यामागे धावली. गुढी मीच उभारली. नंतर गेलो.

झाड नाही. झाड होतं तिथे खड्डा, माणूस उभा मावेल असा. खड्डा पाळीच्या आतल्या अंगाला उतरलेला, आणि त्यातून पाणी बाहेर. आवाज करत नव्हतं. नुसतं जात होतं. खालच्या धानाच्या बांधीत लाखोरीचं पीक काढून झालेलं, त्या ढेकळांत रोहू तडफडत होते, बोटभर, वीतभर. अजून विकायच्या मापाचे झाले नव्हते. बगळे आले होते. गायबगळे, ढोकऱ्या, सगळे. यादी केली नाही.

ढिवरांची सगळी माणसं बोऱ्यांत माती भरत होती. धानाच्या तणसाचे भारे टाकत होती. ज्योत्सना रांगेत उभी राहून घमेली देत होती, लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल. मला कोणी ये म्हणालं नाही. जा पण म्हणालं नाही. मी एक बोरी उचलली, ती इतवारीने हातातून घेतली, हळूच, म्हाताऱ्या माणसाच्या हातून घेतात तशी. मी त्याच्याहून लहान आहे.

बोर्ड शाबूत होता. बेबीबाई त्याच्याकडे पाहून म्हणाली, भाऊ, आता दुसरा करून आना. येथे पानी नाही.

रागात माणूस बोलतो.


२ एप्रिल, बुधवार.

भगदाड बुजवलं म्हणतात. बोडीत पाणी उरलं ते घोट्याएवढं. कुंडीतली मुळी कुजली.

इतवारीकडे गेलो. मुद्दे तयार होते. पहिला, कैलाशचा ग्रुप. दुसरा, परसरामचं तोंड. तिसरा, पाळ मुळातच कच्ची होती. बसायला खाट टाकली, चहा आला, इतवारीने माझ्या मुलीची, दामिनीची, चौकशी केली, नागपूरला तिचं कसं चाललं आहे वगैरे. झाडाचा विषयच काढला नाही. मी दोनदा काढायचा प्रयत्न केला, तर म्हणाला, जाऊ द्या जी, ऊन बहुत हाय यंदा.

यावरून त्याचा राग गेला, हे सिद्ध होतं. येताना मुद्दे मनातच राहिले. चांगले होते.


१३ एप्रिल, रविवार.

पुन्हा पद्धतशीर. नहरीवर सकाळची फेरी.

आढळले : एक खंड्या. तोही मला पाहून उडाला.

बाया कपडे धूत होत्या. हाक नाही. गुराखी भेटला, काठी खांद्यावर, दिशा दाखवली नाही. विचारलं, काही दिसलं का रे? काहीच नाही भाऊ, म्हणाला. मागच्या महिन्यात याच माणसाने मला बोट धरून घुबडाची ढोली दाखवली होती. आज तो माझ्या आणि नहरीच्या मधे उभा राहून बोलत होता.

निष्कर्ष : नहरीवरची जीवसृष्टी झपाट्याने घटत आहे. कारणं : उष्णता, उन्हाळी धानावरच्या फवारण्या, मोबाईल टॉवर. सविस्तर लिहिणार.


२७ एप्रिल, रविवार. सकाळ.

नहरीच्या वळणावर गर्दी लांबूनच दिसली. इतवारी, बेबीबाई, संस्थेची माणसं, कपडे धुणाऱ्या बाया, गुराखी, टपरी सोडून आलेला परसराम. सगळे वाकून पलीकडच्या काठाच्या झुडपांत पाहत होते. कोणी बोलत नव्हतं. एका बाईने लेकराला डोक्यावर उंच धरलं होतं आणि ते लेकरू स्वतःच्याच हाताने तोंड दाबून हसत होतं. बेबीबाईसुद्धा हसत होती. पाडव्यानंतर तिला हसताना प्रथमच पाहिलं. त्या गर्दीत ज्योत्सना होती. भाजीला जाते म्हणून निघाली होती.

मी दुर्बीण काढली. कोणीतरी खाकरलं. सगळे एकदम सरळ झाले. बाया कपडे आपटू लागल्या, नको इतक्या जोरात. झुडपांतून काहीतरी पाण्यात शिरल्याचा आवाज आला, एक मोठा, मागून लहान लहान. मी पोचलो तेव्हा पाण्यावर फक्त वलयं होती.

काय आहे, विचारलं. इतवारी म्हणाला, काई नाही जी. गुराखी म्हणाला, काई नाही. परसरामला एकटं गाठून विचारलं. ज्याच्या पोटात कधी काही राहिलं नाही, तो परसराम नहरीकडे बघत म्हणाला, बगळा होता भाऊ, उडाला.

मग ज्योत्सनाला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, सांगते आता. मग म्हणाली, काही नाही वो. चला घरी, ऊन चढून राहिलं. दुर्बिणीची पिशवी तिनेच खांद्याला लावली आणि सगळ्या रस्ताभर दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून चालली, जणू मी मागे वळून बघेन.

नोंद : नहरीच्या वळणावर आज काहीही नव्हतं. ते पाहायला सारं गाव उभं होतं.